शिवा बदलत गेलेला मुलूख

गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यांची धुराडी मागे पडली की माणिकगडचा डोंगर चढायला लागतो. चंद्रपूर जिल्ह्यात येणाऱ्याची पावलं सहसा ताडोब्याकडे वळतात. आम्ही ताडोबा मुद्दाम वगळला होता, कारण वाघ बघायला जिप्सीत बसावं लागतं आणि आम्हाला चालायचं होतं. पश्चिमेला जिवतीच्या पठारापासून निघायचं, पूर्वेला भामरागडच्या डोंगरात शिरायचं आणि तिथून दक्षिणेला गोदावरी गाठायची. जमेल तिथे पायी, नाही तिथे एसटीने. पौष संपत आला होता. धानाची मळणी उरकलेली, मोहाला अजून फूल नाही. या मुलखात फिरायला याहून बरे दिवस नाहीत.

माणिकगडाच्या तटात झाडांनी मुळं रोवली आहेत. काळ्या दगडाच्या दरवाजावर नाग कोरलेला आहे. गोंड राजांच्या आधी इथे माना नागवंशीयांची सत्ता होती, त्यांची ही खूण मानतात. किल्ल्यावर फार वेळ गेला नाही. पठारावर मात्र पाय अडकले, आणि त्याला कारण बोली. शेताच्या बांधावर कापूस वेचणाऱ्या एका आजींनी विचारलं, “कुठून यायलाव?” चंद्रपूरच्या डोंगरावर अस्सल लातुरी! १९७२च्या दुष्काळात लातूर-नांदेडकडची माणसं गुरंढोरं घेऊन इकडे चढली, रान साफ करून शेती करू लागली आणि इथलीच झाली. मराठवाड्यातले मराठे, दलित, बंजारे आणि त्यांच्या कितीतरी आधीपासूनचे गोंड आणि कोलाम एकाच पठारावर, पण आपापल्या वस्त्यांत राहतात. कोलामांचा गुडा लांबूनही ओळखू येतो: सारवलेली अंगणं, कुडाच्या भिंती आणि भोवती कमालीची स्वच्छता. कोलामी आणि गोंडी दोन्ही द्राविड कुळातल्या भाषा, तरी एकमेकींपासून वेगळ्या. शाळेतल्या पोराला घरी कोलामी, दुकानात मराठी आणि बाजारात तेलुगू लागते. त्याला त्याचं काही वाटत नाही, नवल आम्हालाच.

या पठाराच्या कडेला ती प्रसिद्ध चौदा गावं आहेत: परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा आणि इतर. ती महाराष्ट्रात आहेत आणि तेलंगणातही आहेत, म्हणजे दोन्ही राज्यं तसं मानतात. तेव्हाच्या आंध्र प्रदेशाबरोबरचा हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९९७ साली महाराष्ट्राच्या बाजूने मिटला. कागदावर मिटला, एवढंच. गावात मराठी शाळा आहे आणि तेलुगू शाळा आहे. रेशनकार्डं दोन, मतदारयाद्या दोन, सरपंचही दोन. बाहेरून हा सगळा विनोद वाटतो. पण ज्या जमिनीवर माणसं राबतात तिचा पट्टा विचारला की बोलणं थांबतं. पठारावरच्या कित्येक कुटुंबांची पिढी शेत कसण्यात गेली, तरी वन आणि महसूल यांच्या नोंदींच्या घोळात मालकीचा कागद काही हाती आला नाही. दोन सरकारं असूनही तो कागद एकानेही दिलेला नाही.

खरं तर इथे शीव सरकत राहण्याची गोष्ट जुनीच. राजुऱ्याचा हा सगळा भाग निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९४८ला निजामी संपली, १९५६ला तालुका नांदेडला जोडला गेला आणि १९५९ला चंद्रपुरात, म्हणजे तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आला. म्हणून विदर्भात असूनही राजुऱ्याला १७ सप्टेंबरचं, हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं महत्त्व आहे. गोंडांच्या देवांनी मात्र यातली एकही शीव मानलेली नाही. महाराजगुड्याजवळच्या गुहेतल्या जंगूबाईला पौषात दोन्ही राज्यांतले गोंड अनवाणी चालत येतात. उतारावरून येणारी त्यांची रांग आम्हाला ओलांडून पुढे गेली. पांढरी धोतरं, डोक्यावर गाठोडी, आणि आमच्या बुटांकडे टाकलेला एक मिस्किल कटाक्ष.

चंद्रपूर शहरात थांबलो ते थोडकंच. बल्लारपुरातली राजधानी खांडक्या बल्लाळशहाने इथे आणली. झरपट नदीच्या पाण्याने राजाचं कातडीचं दुखणं बरं झालं आणि कुत्र्यावर उलटणारा ससा दिसला त्या वाटेने तट आखला, अशी कथा सांगतात. जटपुरा, बिनबा, अंचलेश्वर, पठाणपुरा या दरवाजांतून आजही शहराची वाहतूक जाते आणि हत्तीवर स्वार झालेला सिंह, गोंड राजांचं चिन्ह, रिक्षावाल्यांच्या डोक्यावरून खाली बघत असतो. राणी हिराईने नवऱ्याच्या, बीरशहाच्या समाधीवर बांधलेली वास्तू मला शहरातली सर्वांत देखणी वाटली. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेल्या स्मारकाला आपल्याकडे जेवढी प्रसिद्धी मिळायला हवी तेवढी ती मिळालेली नाही. तुरुंगाजवळच्या पिंपळाची आठवण वेगळी. १८५८च्या उठावात मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके गोंड, माडिया आणि रोहिल्यांना घेऊन इंग्रजांशी लढला आणि २१ ऑक्टोबर १८५८ला इथे फासावर गेला. पुढे गडचिरोलीत शिरल्यावर त्याचं नाव चौकाचौकांत भेटत राहिलं.

चंद्रपूरहून ईशान्येला वळलं की जमीन सपाट होते आणि तळी सुरू होतात. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी हा धानाचा पट्टा. गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने उताराचं पाणी अडवून बांधलेले तलाव पुढे मालगुजारांकडे गेले आणि मालगुजारी संपल्यावर ‘माजी मालगुजारी’ ठरले. सरकारी कागदात त्याचा संक्षेप झाला ‘मामा तलाव’. शेतातल्या छोट्या तळ्याला बोडी म्हणतात. बोडीत पाणी, बांधावर तूर, खाली धान आणि पाण्यात धिवरांची जाळी, असं एकाच थेंबावर तिघाचौघांचं पोट. याच पट्ट्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी, दादाजी खोब्रागडे नावाच्या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८३ साली ‘पटेल-३’ धानात काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या आणि त्यांचं बी जपत, निवडत, वर्षं घालवून एक बारीक तांदूळ तयार केला. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्याचं नाव पडलं एचएमटी. देशभर तो तांदूळ शिजला. दादाजींना मानसन्मान मिळाले, पैसा फारसा नाही. २०१८ साली ते गेले. पुण्यामुंबईच्या किराणा दुकानात ‘एचएमटी द्या’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, हा हिशेब न मांडलेला बरा.

ब्रह्मपुरीहून वैनगंगेचा पूल ओलांडला की देसाईगंज, म्हणजेच वडसा, आणि गडचिरोली जिल्हा. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ला चंद्रपूरमधून वेगळा काढला. पुलाच्या दोन टोकांना दारूचा कायदाही वेगळा आहे. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ला आली आणि २०२१ला उठली. तशी ती नदी दोन्ही तीरांना एकाच झाडीपट्टीत धरून आहे, आणि झाडीपट्टीचा हिवाळा म्हणजे नाटक. दिवाळीनंतर वडशातल्या नाटक कंपन्यांच्या कचेऱ्यांपुढे गावोगावच्या मंडळांची गर्दी सुरू होते. आम्हाला एका खेड्यातलं नाटक मिळालं. दिवसा शंकरपट, बैलांच्या शर्यती. रात्री शेतात उभारलेल्या मंडपात दहा-अकराला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत. ऑर्गन आणि तबला प्रेक्षकांच्या पुढ्यातच. सासरी छळ सोसणारी नायिका धाय मोकलून रडत असतानाच मध्येच झगमगीत लावणी येते आणि तिच्यानंतर नायिका तिथूनच पुन्हा रडू लागते. शहरी नाट्यरसिकाच्या भुवया इथे उंचावतात. माझ्याही उंचावल्या होत्या. पण शेजारी घोंगडी पांघरून बसलेले काका म्हणाले, “नाटक त हायेच जी, पन पोरीले पाहाले पावने बी आले हायेत.” नाटकाच्या निमित्ताने गावात घरोघरी पाहुणे उतरतात, लग्नं जमतात, भाऊबंदकी मिटते. तिकीट काढून पाहिलेलं हे व्यावसायिक नाटक, त्याला कुणाचं अनुदान नाही. २०२३ साली इथले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राने जरा मान वळवली.

धानोऱ्याच्या अलीकडे मेंढा लागतं. लेखा गावाजवळचं म्हणून मेंढा (लेखा). ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा ज्या गावाची, ते हे गाव. मी मोठा फलक, कार्यालय, काहीतरी थाटमाट मनात धरून गेलो होतो. गोंडांचं साधं, नीटनेटकं खेडं निघालं. देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल यांनी इथे बसवलेली पद्धत सांगायला सोपी आणि पाळायला महाकठीण आहे: निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वांच्या सहमतीने घ्यायचा. एक जण जरी अडून बसला तरी विषय पुढच्या बैठकीवर. आधी अभ्यास गटात विषय समजून घ्यायचा आणि मग ग्रामसभेत ठरवायचं. आमच्या सोसायटीच्या सभेत हे लावलं तर पाण्याच्या टाकीला रंग लागणार नाही, असं मी एका गावकऱ्याला म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, “घाई कोनाले हाये?”

या घाई नसलेल्या गावाने बांबूची लढाई मात्र जिंकली. १९२७च्या वन कायद्याने बांबू झाड ठरवला होता, म्हणजे तो तोडायचा हक्क वनखात्याचा आणि ज्यांना खातं देईल त्यांचा. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला वर्षानुवर्षं या जंगलांतला बांबू जात राहिला आणि टोपली विणायला चार काठ्या आणणारा गावकरी चोर ठरत राहिला. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं. २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, तरी वाहतूक परवाना कुणी द्यायचा यावर घोडं अडलं. शेवटी २७ एप्रिल २०११ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. तेव्हापासून गडचिरोलीतल्या शेकडो गावांनी हा रस्ता धरला. तेंदूचंही तेच. मे महिन्याच्या उन्हात बायका-पोरं पहाटे रानात जातात, सत्तर पानांचा एक पुडा बांधतात आणि संध्याकाळी फळीवर मोजून देतात. पूर्वी लिलाव वनखातं करी. आता अनेक ग्रामसभा स्वतः करतात. त्यात ठेकेदारांकडून फसणाऱ्याही आहेत आणि शिकून शहाण्या झालेल्याही. हे सगळं कायद्याच्या पुस्तकात वाचलं होतं, पण आमच्याबरोबर जंगल दाखवायला आलेल्या तरुणाने ‘हे आमचं, तिथून पुढे शेजारच्या गावचं’ असं नाल्यावर बोट ठेवून सांगितलं तेव्हा ते समजलं. त्या नाल्यावर खांब नव्हता, फलक नव्हता.

वैनगंगेच्या काठाने दक्षिणेला उतरताना मार्कंड्याची देवळं आहेत. नदी इथे उत्तरेकडे वळते आणि म्हणून हे तीर्थ. शिल्पं अप्रतिम, महाशिवरात्रीला मोठी जत्रा. याहून अधिक लिहायला हा लेख देवळांवरचा हवा होता.

मुलचेऱ्यात दृश्य एकदम बदलतं. केळीची झाडं, घरामागे मासळीचं तळं, शंखाच्या बांगड्या घातलेल्या बायका आणि दुकानाच्या पाटीवर बंगाली अक्षरं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना सरकारने सुंदरनगर आणि आसपासच्या गावांत वसवलं. चंद्रपूर शहरातला ‘बंगाली कॅम्प’ही त्याच स्थलांतराची खूण. इथे दुर्गापूजा दणक्यात होते. चहा देणारे गृहस्थ आमच्याशी वऱ्हाडी वळणाची मराठी बोलत होते आणि नातवाला बंगालीत दटावत होते. त्यांच्यातले बरेच नमःशूद्र. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित आहे, महाराष्ट्रात नाही. देशाची फाळणी झाली म्हणून घर सुटलं आणि राज्य बदललं म्हणून जातीचा दाखला. पुन्हा तीच शीव.

आलापल्लीपासून जंगल खरं सुरू होतं. इथलं सागवान इंग्रजांच्या काळापासून नावाजलेलं; अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली बल्लारपूरच्या आगारातून लाकूड गेलं तेही याच पट्ट्यातलं. ‘वनवैभव’ म्हणून राखलेल्या तुकड्यात जुने साग इतके सरळ आणि उंच आहेत की शेंडा बघताना टोपी पडते. २०१४ साली त्याला राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ केलं. आणि त्याच आलापल्लीच्या रस्त्यावर लोहखनिजाचे ट्रक एकामागून एक धावतात, रस्त्याकडेची पानं तांबडी असतात. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगरात उत्तम प्रतीचं लोहखनिज आहे. खाणीचा पट्टा २००७ साली दिला गेला, २०२१पासून उत्खनन जोरात सुरू झालं. त्याच डोंगरावर माडियांचा ठाकूरदेव आहे आणि दर जानेवारीत परिसरातल्या गावांची यात्रा तिथे भरते. खाणीत रोजगार मिळाला म्हणणारे भेटले, देव उकरला म्हणणारे भेटले. एकाच घरात दोन्ही भेटले. मला विचाराल तर, ज्या जिल्ह्यात ग्रामसभेला बांबूचा हक्क मिळाला तिथे डोंगराचा प्रश्न तिला आधी विचारायला हवा होता.

हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्पावर आम्ही एक दुपार होतो. २३ डिसेंबर १९७३ला बाबा आमटेंनी तो सुरू केला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटेंबद्दल मराठी वाचकाला नव्याने सांगण्यासारखं काही नाही. मला तिथे अस्वलापेक्षा आणि बिबट्यापेक्षा जुन्या माणसांकडून ऐकलेली मिठाची गोष्ट लक्षात राहिली. एक किलो चारोळी घेऊन व्यापारी एक किलो मीठ देत. तराजू बरोबर होता, वजनही चोख होतं!

पुढे भामरागड. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती इथे भेटतात. पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की गाव जगापासून तुटतं, कधी एका मोसमात अनेकदा. लाहेरीच्या पुढे आम्ही पायी निघालो, बिनागुंड्याला. लाहेरीचं नाव वर्तमानपत्रात येई ते एकाच कारणाने; ८ ऑक्टोबर २००९ला इथे नक्षलवाद्यांनी सतरा पोलिसांना मारलं होतं. २०२५च्या ऑक्टोबरात भूपती या त्यांच्या बड्या नेत्याने साठेक साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. वाटेत कुणी त्यावर आपणहून बोललं नाही, आम्हीही उकरलं नाही.

नाले ओलांडत, बांबूच्या बनातून वर चढत जाणारी ही वाट माडियांच्या रोजच्या पायाखालची. डोक्यावर ओझं घेऊन त्यांच्या बायका आम्हाला सहज मागे टाकत. वाटेच्या कडेला उभे दगड दिसले, काही माणसाच्या उंचीचे. मेलेल्यांच्या स्मृतीचे ते दगड. आमच्या वाटाड्याने एकाजवळ थांबून हा आपल्या आजोबांचा, असं सांगितलं आणि बोलता बोलता त्याच्या बुडाचं गवत काढलं. गावातल्या गोटुलाबद्दल आम्ही शहरातून जे ऐकून गेलो होतो ते बहुतेक बस्तरच्या मुरियांविषयीचं होतं, व्हेरियर एल्विनच्या पुस्तकातून झिरपलेलं. डोंगरातल्या माडियांच्या गोटुलात मुली झोपत नाहीत. ती तरुण मुलांची, पाहुण्यांची आणि गावच्या बैठकीची जागा. आम्हीही तिथेच झोपलो, मध्ये लाकडाचा ओंडका रात्रभर जळत होता.

बिनागुंड्याच्या उतारांवर अजूनही पेंडा शेती दिसते: झाडोरा तोडून जाळायचा, राखेत कोसरी पेरायची, दोन-तीन वर्षांनी तुकडा सोडून द्यायचा. गोरग्याच्या उंच झाडाला बांबूची शिडी लावलेली असते आणि त्याचा रस सकाळी ताजा प्यायचा. आम्हाला तो पानाच्या द्रोणात मिळाला, किंचित आंबूस, उन्हात चढला तर चढणारा. नवं काही खायचं तर आधी त्याचा पंडुम, म्हणजे सण, व्हायला हवा. आंब्याचा पंडुम झाल्याशिवाय झाडाखाली पडलेला आंबाही कुणी उचलत नाही. गावाच्या कडेला एक बुटकी झोपडी होती, वाकून आत जावं लागेल अशी. पाळीच्या दिवसांत बायकांनी राहायचं कुर्माघर. रात्री तिथे साप-विंचवाची भीती असते हे त्याही सांगतात. जिल्ह्यात काही ठिकाणी त्या जागी पक्की, पाणी-वीज असलेली घरं बांधली गेली आहेत. प्रथा मोडावी की जागा सुधारावी, यावर पुण्यात बसून मत देणं सोपं आहे. त्या झोपडीपुढे उभं राहिल्यावर निदान दार तरी माणसाच्या उंचीचं हवं, एवढंच माझं मत झालं. गावापलीकडचा राजिरप्पा धबधबा हिवाळ्यात बारीक झाला होता, पण डोहाचं पाणी हिरवंगार होतं आणि पलीकडे छत्तीसगडचा अबूजमाड डोंगरांमागे डोंगर पसरला होता.

परतून अहेरीमार्गे सिरोंच्याला आलो तेव्हा मराठी पाट्या वाचत तेलुगू ऐकू येत होती. भाताबरोबर आंबट पप्पू, दुकानात तेलुगू सिनेमाची गाणी. हा तालुका इंग्रजांनी १८६०च्या तहाने निजामाकडून घेतला आणि ‘अपर गोदावरी’ नावाच्या जिल्ह्याचं ठाणं इथे केलं. वऱ्हाडचा कापूस वर्धा-प्राणहिता-गोदावरीतून बोटींनी समुद्राला न्यायचा, असा आर्थर कॉटनचा बेत होता. खडकाळ पात्रांनी आणि रेल्वेने तो हाणून पाडला, १८७१ला काम सोडून दिलं, आणि १८७४ला जिल्हाही चांद्यात विलीन झाला. त्याहून जुनी नोंद जमिनीतच आहे. वडधमच्या आसपास डायनोसॉरांचे आणि झाडांचे जीवाश्म सापडतात, म्हणून तिथे जीवाश्म उद्यान केलं आहे. नवी नोंद पाण्यात आहे. पलीकडच्या तेलंगणाने गोदावरीवर मेडीगड्ड्याचं बॅरेज २०१९ला सुरू केलं, अलीकडच्या गावांची शेतं पाण्याखाली गेली, आणि २०२३च्या ऑक्टोबरात त्याच बॅरेजचे खांब खचले.

बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर स्वतंत्र अहेरी जिल्ह्याची चर्चा चालली होती. ही मागणी जुनी आहे आणि तिच्यात तथ्यही आहे, कारण गडचिरोली इथून दोनशे किलोमीटरच्या वर. एकाचं म्हणणं, अहेरीही शंभर किलोमीटर दूर, मग आम्हाला काय फरक? दुसऱ्याला सिरोंचाच जिल्हा हवा होता, इंग्रजांच्या वेळी होता म्हणे. टपरीवाले अण्णा दोघांशी तेलुगूत वाद घालत होते, माझा कप भरताना मराठीत म्हणाले, “जिल्हा कुठंबी करा सर, ऑपरेशनला आमी पलीकडं तेलंगणात, मंचेरियालच जातो.”